चिंचेने घासलेली झांज

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर ओल्या मातीत कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. खरं म्हणजे ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तेव्हा माफी कोणाची मागते आहे हा प्रश्नच आहे. पण माफी मागून सुरुवात केली की मला बरं वाटतं, दारात चपला काढून आत गेल्यासारखं. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीत जायच्या सुट्टीत आईला जुळी झाली आणि माझी शाळा पाळण्याच्या दोरीला बांधली गेली. त्यानंतर आमच्या चर्चच्या लायब्ररीतून आणलेली पुस्तकं चुलीपुढे बसून वाचली, तेवढंच काय ते शिक्षण. त्या पुस्तकांत माणसं आपण मोठे कसे झालो ते सांगायची. शाळा, परीक्षा, पहिली नोकरी, पहिला पगार. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी मोठी झाले ती चौसष्टाव्या वर्षी, सिडनीत, टूनगॅबीला, जग बंद होतं तेव्हा. त्याआधी मी कोणाची तरी मुलगी, बायको, आई होते, आणि माझ्या हातून काही फुटलं-बिघडलं तर त्याचं दुसरंच कोणीतरी बघून घ्यायचं.

पण त्यासाठी आधी वसईची आमची ओटी सांगायला हवी. माझे पप्पा दिवसभर वाडीत राबायचे आणि लग्नाच्या हंगामात लाल कोट घालून गावच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचे. बँडची पितळी वाद्यं आमच्या ओटीवर राहायची, कारण गावात न गळणारी ओटी आमचीच होती. हंगामाच्या आधीच्या शनिवारी ती सगळी घासायचं काम माझं. भिजवलेली चिंच, मीठ, चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या. कॉर्नेट, ट्रम्पेट, भोंग्याच्या तोंडाचा मोठा बाजा, आणि शेवटी दोन झांजा. हात कोपरापर्यंत आंबट व्हायचे. संध्याकाळी बँडमास्तर यायचे, झांज उचलून तिच्यात बघत मिशा सारख्या करायचे आणि म्हणायचे, "शाबास गं पोरी, यात बघून दाढी करता येईल." मला मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र. ते मी जरा जास्तच जपून ठेवलं, हे पुढे कळेल.

टूनगॅबीच्या घरात आम्ही चौघं. माझी मुलगी शर्ली, ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, त्यामुळे लॉकडाऊनमध्येही रोज जायची. जावई नेल्सन, तो जेवणाच्या टेबलावर कानाला हेडफोन लावून दिवसभर मीटिंग करायचा. आणि अकरा वर्षांची नात ईव्हा, तिची शाळा तिच्या खोलीत भरायची. म्हणजे घर भरलेलं आणि आवाज करायची बंदी. "मम्मी, मिक्सर नको, मीटिंग आहे." "आजी, आय'म ऑन कॅमेरा." कुकरला तीन शिट्ट्या हव्या असायच्या आणि नेल्सनच्या दोन मीटिंगांमध्ये जागा एकाच शिट्टीची. मी डाळ भिजत घालून वाट बघायला शिकले. खोबरं पाट्यावर वाटायचीही सोय नव्हती, पाटा वसईला राहिला होता. पन्नास वर्षं मी स्वयंपाकघरात जे आवाज करून घर चालवलं, ते इथे चमच्याला चमचा लागू न देता हळू करायचं. बाकी सुख होतं.

आणि मग रोज दुपारी तीनला कुंपणापलीकडच्या गॅरेजमधून ड्रम सुरू व्हायचा. तिथे नॉर्मन राहायचे, शहाऐंशी वर्षांचे, एकटे, मूळ इंग्लंडचे. सगळे त्यांना नॉर्म म्हणायचे, ईव्हासुद्धा. आपल्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठ्या पुरुषाला नावाने हाक मारणं मला जमेना, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणू लागले, आमच्याकडे बँडवाल्याला म्हणतात तसं. त्यांनी कधी अर्थ विचारला नाही. सुरुवातीला मला वाटलं, यांना वाजवता येत नाही. पप्पांचा ड्रम पाय कुठे टाकायचा ते सांगायचा, नवरदेवही चुकायचा नाही. यांचा ड्रम काहीच सांगायचा नाही. वरणाला फोडणी बसल्यावर ती चुरचुरून शांत होत जाते, तसा एक आवाज सारखा चालू असायचा, आणि मधेच कुठेतरी काठी अशी पडायची की वाटावं हातातून सुटली. दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की मी फरसबी त्याच्या तालावर चिरते आहे, आणि तीननंतर चिरलेली फरसबी सगळी एका मापाची होते आहे.

एका रविवारी मी फुगे केले. हे आमच्याकडे लग्नात लागतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध, पीठ आंबवून हाताच्या मुठीतून गोळे तेलात सोडायचे. एक ताटली झाकून कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि घरात पळाले. संध्याकाळी ताटली धुऊन परत खांबावर, आणि खाली कागद. ईव्हाने वाचून दाखवलं, "ही सेज, व्हॉट आर दीज अँड आर देअर एनी मोअर?" तेवढ्या ओळखीवर त्यांनी पुढच्या महिन्यात मला गॅरेजची चावी दिली. त्यांना छातीत कफ होऊन हॉस्पिटलात नेत होते. तेव्हा कोणाला छातीसाठी नेलं की शेजारी पडद्याआडून क्रूसाची खूण करायचे. अंगणात उभ्या असलेल्या अॅम्ब्युलन्समधून ते मला म्हणाले, "पक्ष्याला दाणे घाल." गॅरेजमध्ये पिंजऱ्यात एक हिरवा पक्षी होता. आजार कोरोना नव्हता, साधाच न्युमोनिया निघाला, पण त्यांना नऊ दिवस ठेवून घेतलं.

तर मी पक्ष्याला दाणे घालायचे आणि ड्रमकडे बघायचे. ड्रम पुसलेले, स्वच्छ. पण बाजूच्या उंच दांडीवर एक मोठी झांज आडवी बसवलेली, आणि ती काळी! हिरवट, डागाळलेली, बोटांचे ठसे उमटलेले, मध्यभागी तेलकट काळं वर्तुळ. मला पहिल्यांदा दया आली. एकटा माणूस, बायको वारलेली, कोण घासणार? माझ्या मनात आलं, हा माणूस बरा होऊन येईल तेव्हा. बस्स. चौथ्या दिवशी खिटी फिरवून मी झांज काढली, पदराखाली धरून घरी आणली आणि मागच्या अंगणात नळाखाली बसले. इंडियन दुकानातली चिंच, मीठ, राखेऐवजी भांड्यांची पावडर. काथ्याही निघाला, ईव्हाच्या झाडाच्या कुंडीतून. दोन दुपारी लागल्या. काळं पाणी जात होतं आणि खालून सोनं येत होतं. घुमटाजवळ एक शिक्का होता, काहीतरी परकी अक्षरं, तोही निघाला. मला वाटलं, किती हट्टी डाग. ईव्हा बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, इट्स लाइक अ मिरर!" पंचावन्न वर्षांनी दुसरं प्रमाणपत्र.

दहाव्या दिवशी मास्तर परत आले. मी कुंपणापाशीच उभी होते, बक्षीस समारंभाला आल्यासारखी. गॅरेजचं शटर वर गेलं. मग एकदाच आवाज झाला, आणि तो मी ओळखला. शाळा सुटल्याची घंटा. फोडणीसारखं चुरचुरत शांत होणं गेलं होतं, ती झांज आता नुसती ओरडत होती. ते झांज घेऊन कुंपणापाशी आले. हॉस्पिटलचा पट्टा अजून मनगटावर होता.

"हे कशाने केलंस?" त्यांनी विचारलं.

चिंचेला इंग्रजीत काय म्हणतात ते मला तेव्हा आठवेना, म्हणून मी घरात जाऊन चिंचेचा गोळाच आणून दाखवला. गुन्ह्याचं हत्यार गुन्हेगारानेच हजर केलं. त्यांनी तो वास घेऊन बघितला.

"साठ वर्षं," ते म्हणाले. "साठ वर्षांचा धूर, घाम आणि सांडलेली बिअर होती यावर. त्याच्यामुळे तिचा आवाज दबला होता. लोक मला विचारायचे, हा आवाज कुठून आणलास. मी म्हणायचो, धुऊ नका." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी हिला एकदाही धुतलं नव्हतं."

तेवढ्यात नेल्सन हेडफोन गळ्यात घेऊन बाहेर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोन काढला. "सो सॉरी, नॉर्म. हाऊ मच? आत्ताच ट्रान्सफर करतो."

"तू घासलीस का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग तो फोन खिशात ठेव, मेट. मी हिच्याशी बोलतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला, चारशे पंधरा डॉलर. जमेल तसे दे म्हणाले. रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. शर्ली म्हणाली, "मम्मी, तुला कोणी सांगितलं होतं गं? दाणे घाल म्हणाला ना तो, दाणे घालायचे." नेल्सनला वेगळंच खटकलं होतं. "चारशे पंधरा! ही वरच्या पंधराची काय भानगड? माणूस चारशे म्हणेल, पाचशे म्हणेल." शर्लीने हात झटकला. "खडूस आहे म्हातारा. मी देऊन टाकते, विषय संपव."

"मी देईन," मी म्हणाले.

"कुठून?"

प्रश्न बरोबर होता. मी चौसष्ट वर्षांची होते आणि माझ्याकडे स्वतःचे म्हणावे असे पैसे नव्हते, पण तसं माझ्यावर कर्जही कधी नव्हतं. कर्ज द्यावं इतका भरवसा कोणी माझ्यावर ठेवलाच नव्हता. त्या खडूस म्हाताऱ्याने पहिल्यांदा ठेवला. हे मला तेव्हा असं शब्दांत कळलं नाही. तेव्हा एवढंच कळलं की हे पैसे शर्लीने भरले, तर मी पुन्हा अकरा वर्षांची होईन, आणि घरात एक अकरा वर्षांची आधीच होती.

उत्तर फुग्यांनीच दिलं. सिडनीत वसईकडची बरीच घरं आहेत. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद, म्हणून फुगेही बंद, आणि माणसांना लग्नापेक्षा फुग्यांचीच आठवण जास्त येत होती. शर्लीने तोंड वाकडं करून त्यांच्या ग्रुपवर लिहिलं. मी शुक्रवारी पहाटे, नेल्सनची पहिली मीटिंग सुरू व्हायच्या आत, तेल तापवायचे. माणसं गाडीतून यायची, लेटरबॉक्सवरची पिशवी उचलून डब्यात पैसे टाकून जायची, काचेआडून हात हलवायची. सामानाचे पैसे शर्लीला दिले की माझे वीस डॉलर उरायचे. संध्याकाळी पाचला मी मास्क लावून कुंपणापाशी. मास्तर आतून पावतीचं पुस्तक घेऊन यायचे, खरंखुरं, कार्बन असलेलं, वीस लिहून सही करून कागद फाडून द्यायचे. नेल्सन म्हणायचा, "मम्मी, तुमच्या बँकेची वेळ झाली."

पावती दिल्यावर लगेच आत जाणं त्यांना बरं दिसत नसावं, म्हणून ते बोलायचे. पहिल्या शुक्रवारी जन्मापासून सुरुवात केली आणि मग दर हप्त्याला थोडं थोडं पुढे सरकले. वीस डॉलरला साधारण चार वर्षं. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं मी घालायचे, तेव्हा हे चरित्र आमच्या दोघांचं आहे. उत्तरेकडचं कापडगिरण्यांचं गाव, बाप खाटीक. युद्धात बॉम्ब पडायचे तेव्हा सगळी गल्ली तळघरात बसायची आणि हा पोरगा बिस्किटाचा डबा वाजवायचा. "कोणी गप्प बस म्हणालं नाही," ते म्हणाले, "माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले श्रोते. त्यांना बाहेर जाता येत नव्हतं." पुढे नाचाच्या हॉलमध्ये वाजवलं, सक्तीच्या लष्करी नोकरीत बँडमध्ये वाजवलं, आणि मग लंडनला जाऊन जमिनीखालच्या एका क्लबात आठवड्याचे सातही दिवस जाझ. जाझ म्हणजे काय, हे मी विचारलं. ते म्हणाले, गाणं एकदा सरळ सांगायचं, मग प्रत्येकाने त्याच्याशी वाद घालायचा आणि शेवटी सगळ्यांनी परत घरी यायचं. आणि ड्रमवाला? "तो घर कुठे आहे ते विसरत नाही." आमच्या घरात हे काम मी करत होते, फक्त त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं.

त्यांच्या नावाचं मात्र काही जमलं नाही. सात रेकॉर्डवर ते आहेत, पण पाकिटावर नाव एकाही नाही. "तिथे 'आणि इतर' लिहिलंय ना, तो मी." एकदा टीव्हीवर आले, त्यांच्या आईने सगळी गल्ली बोलावली, आणि अर्धा तास त्यांचं डावं कोपर दिसलं. त्या झांजेची गोष्ट सहाव्या की सातव्या हप्त्याला आली. त्याच क्लबात रॉय नावाचा दुसरा ड्रमवाला होता. त्याच्याकडे ही तुर्की झांज होती आणि मास्तरांचा तिच्यावर डोळा होता. रॉयचा हात मोडला, त्याला पैशांची गरज पडली, बारा पौंडांना सौदा झाला. मास्तरांनी आठ दिले. उरलेले चार शुक्रवारी देतो म्हणाले. एवढं सांगून ते थांबले, आकाशाकडे बघून म्हणाले, "पाऊस येईल." आभाळात एक ढग नव्हता.

पुढच्या हप्त्यांत गिटारवाली पोरं आली, जमिनीखालचे क्लब बंद पडले, मास्तर जहाजावरच्या बँडमध्ये लागले. सिडनीला जहाज थांबलं, ते चहा प्यायला उतरले आणि परत चढले नाहीत. "चहा चांगला होता का?" मी विचारलं. "घाण होता," ते म्हणाले, "पण वाढणारी चांगली होती." ती त्यांची बायको, जॉयस. तिला आवाज सहन व्हायचा नाही. तेहतीस वर्षं त्यांनी दिवसा रंगाच्या दुकानात डबे ढवळले, शनिवारी माजी सैनिकांच्या क्लबात जेवणाऱ्यांच्या काट्याचमच्यांवर मात करत वाजवलं, आणि घरी उशी बडवून सराव केला. जॉयस गेल्यावर गॅरेजमध्ये ड्रम मांडला. म्हणजे माझ्या फरसबीला ताल मिळायला एका बाईला मरावं लागलं होतं. मी तिच्यासाठी प्रार्थनेची एक माळ म्हटली.

माळेचं निघालंच आहे तर कबूल करते. मास्तरांचा मुलगा पर्थला होता. घर विकायला काढलेलं होतं, आणि पश्चिमेकडच्या त्या राज्याने बंद ठेवलेली सीमा उघडली की मास्तर त्याच्याकडे कायमचे जाणार होते. मला त्याआधी पैसे फेडायचे होते, एकेका वीसने, माझ्या हाताने. मग जानेवारीत आमच्या सगळ्या घरालाच तो आजार झाला. दोन शुक्रवार दार बंद, फुगे बंद. शर्ली कुंपणावरून म्हणालीही, "नॉर्म, राहिलेले मी देऊ का?" ते म्हणाले, "ती आजारी आहे, मेलेली नाही." सीमा उघडायची तारीख फेब्रुवारीच्या सुरुवातीची होती, आणि तेव्हा माझे चार हप्ते बाकीच राहणार होते. सगळं ऑस्ट्रेलिया दारं उघडावीत म्हणून प्रार्थना करत होतं. आईबापांना लेकरं भेटली नव्हती, आज्यांनी नातवंडं बघितली नव्हती. मी एकटी रोज संध्याकाळी माळ घेऊन बसायचे आणि मारियामातेला म्हणायचे, अजून थोडे दिवस बंद ठेव. आणि खरंच, तारीख पुढे ढकलली. शर्ली टीव्हीकडे बघून म्हणाली, "बिचारी माणसं." मी स्वयंपाकघरात जाऊन क्रूस केला. याबद्दल मी कन्फेशनमध्ये अजून सांगितलेलं नाही. फादर तरुण आहेत, त्यांचेही आईबाप पर्थलाच असतात.

ती झांज आता माझ्या खोलीत भिंतीवर आहे. माझ्याकडे कशी आली ते उघड आहे, मी तिचे पैसे भरले. ती हळूहळू पुन्हा काळी पडते आहे. परवा शर्ली म्हणाली, "मम्मी, हे एकदा घासून टाक ना, किती घाण दिसतंय." मी म्हणाले, "हात लावायचा नाही." असं वाक्य मी या घरात पहिल्यांदाच बोलले आणि ते ऐकलंही गेलं.

शेवटचा हप्ता पंधराचा होता. सीमा तोवर उघडली होती, मास्तरांच्या अंगणात खोकी बांधून ठेवली होती, पक्ष्याचा पिंजरा खोक्यांवर. शुक्रवार, संध्याकाळचे सहा, ऊन अजून कुंपणावर होतं. मी एक दहाची आणि एक पाचची नोट दिली. त्यांनी बिस्किटाचा जुना डबा आणला, त्यात माझे सगळे वीस-वीस रबराने बांधलेले होते. एकही खर्च केलेला नव्हता.

"तुझा जावई पंधराचं विचारत होता म्हणालीस ना," ते म्हणाले. "तू तो चिंचेचा गोळा घेऊन उभी होतीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडणार होतो. मग आठवलं, मी कोणत्या तोंडाने ओरडू? तिचे चार पौंड मी अजून दिलेले नाहीत. शुक्रवारच्या आधी जहाज मिळालं, म्हटलं पुढच्या बंदरातून पाठवू. मग लाज वाटायला लागली, आणि लाज दर वर्षी वाढत गेली." तेव्हा चार पौंडांत जितके ग्लास बिअर यायची, तितक्या ग्लासांचा आजचा टूनगॅबीचा भाव त्यांनी काढला होता. तो चारशे पंधरा निघाला. रॉय अजून होते, इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या एका वृद्धाश्रमात. मास्तरांच्या मुलाने नंबर शोधून दिला होता. तिकडे सकाळ होती. मास्तरांनी फोन कुंपणाच्या खांबावर ठेवला, जिथे मी पहिली ताटली ठेवली होती, आणि आवाज मोठा केला. नंबर दोनदा चुकला.

"रॉय? मी नॉर्मन."

"कोण नॉर्मन?"

"ड्रमवाला. तुझे चार पौंड जमलेत."

पलीकडे चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"तू शुक्रवारी देतो म्हणाला होतास," रॉय म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "आज शुक्रवारच आहे," ते म्हणाले.

"हं. कुठून आणलेस?"

"माझे नाहीत. एका बाईने भरलेत. थांब, इथेच आहे." आणि त्यांनी फोन माझ्या तोंडापुढे धरला. मी कशीबशी गुड मॉर्निंग म्हणाले.

"त्याने पावती दिली का तुला?" रॉयनी विचारलं.

"हो. वीस."

"मला एकही दिली नव्हती," रॉय म्हणाले. "शेवटचीही घे, सोडू नकोस."

मी हात पुढे केला. मास्तरांनी पुस्तक खांबावर टेकवून एकविसावी पावती लिहिली, पंधरा डॉलर, आणि खाली मोठ्या अक्षरात, सगळे मिळाले, बाकी काही नाही.